भागुरायणाचे आत्मगत : नाव बदलून राहणाऱ्या पोलिसाची कथने

‘मुद्राराक्षसा’च्या पाचव्या अंकात भागुरायणाला एक लहानसे आत्मगत दिलेले आहे. भागुरायण हा चाणक्याने पेरलेला माणूस. पण मलयकेतूच्या छावणीत तो वावरतो तो चंद्रगुप्ताचा पक्ष सोडून आलेला जिवलग मित्र म्हणून. मलयकेतूचा घात करणारा डाव आता पुरा होत आला आहे, आणि नेमक्या याच वेळी भागुरायणाच्या मनात येते, की आपल्यावर एवढा लोभ करणाऱ्या या कुमाराला आपण फसवायचे, हे किती कठीण आहे. लगेच तो स्वतःची समजूत घालतो. ज्याने धनाच्या लोभाने आपला देहच दुसऱ्याला विकून टाकला, त्या परतंत्र माणसाची बऱ्यावाइटाचा विचार करण्याची वेळ केव्हाच टळून गेलेली असते. एवढे मनाशी म्हणून तो कामाला लागतो. विशाखदत्त त्यानंतर त्याच्या मनात पुन्हा डोकावत नाही.

दुसऱ्याच्या विश्वासात शिरण्यासाठी राज्यसंस्थेने नेमलेल्या माणसाच्या मनाचे काय होते, हा प्रश्न गेल्या शंभराहून अधिक वर्षांत कादंबरीने, आठवणीवजा लेखनाने आणि चित्रपटाने वारंवार हाताळला आहे. या साऱ्या कथनांना आपण एका ठरावीक सूत्राने वाचत आलो आहोत. ते सूत्र म्हणजे हरवलेली ओळख : मुखवटा इतका काळ वागवला, की तो चेहऱ्यालाच चिकटला, खरा ‘मी’ कोणता हे त्या माणसाला उमगेनासे झाले. अस्तित्ववादी परिभाषा हाताशी असलेल्या समीक्षेला हे सूत्र सोयीचे वाटावे यात नवल नाही. परंतु भागुरायणाच्या आत्मगताला ते लागू पडत नाही. आपण कोण आहोत, कोणाचे आहोत याविषयी त्याला तिळमात्र संशय नाही. त्याला सलते आहे ते समोरच्या माणसाचे आपल्यावरचे प्रेम. आणि ते सल तो ज्याला सांगायला हवे त्याला सांगत नाही. नाट्यसंकेताच्या आधाराने ते फक्त प्रेक्षकाला ऐकू येते. प्रस्तुत लेखाचे म्हणणे या दोन निरीक्षणांवर उभे आहे. या कामाचा मनावर पडणारा भार हा मुळात ओळखीचा नसून नात्याचा असतो. आणि म्हणूनच, ज्याला फसवले त्याचा आवाज ज्या कथनात नाही, त्या कथनाला फसवणाऱ्याचे दुःखही पुरते सांगता येत नाही.

प्रथम सोंग आणि ही फसवणूक यांतला भेद स्पष्ट केला पाहिजे. मराठी माणसाला वेषांतराची कल्पना परकी नाही. गावोगाव फिरणारा बहुरूपी कित्येकदा हवालदाराच्याच वेशात दारात उभा राहतो, खोट्याच गुन्ह्यासाठी खोटाच दरडावतो आणि घरच्यांना हसवून आपली बिदागी घेऊन जातो. तेथे सोंग हे सोंग आहे हे दोन्ही बाजूंना ठाऊक असते. ‘सोंग छान वठले’ ही दादच त्या परस्परांतल्या कराराची खूण होय. शिवकालीन हेर म्हणून बहिर्जी नाईकांची जी प्रतिमा आपल्या लोकमानसात आणि ऐतिहासिक कथा-कादंबऱ्यांत रुजली, तिच्यातही वेषांतर म्हणजे चातुर्य, धाडस आणि एक प्रकारचा खेळकर आनंद असतो. वेष उतरवला, की माणूस जसाच्या तसा परत येतो. साध्या वेशातला पोलीसही फक्त वर्दी बाजूला ठेवतो. त्याचे नाव त्याचेच राहते. येथे आपण विचार करीत आहोत तो या सर्वांहून वेगळ्या माणसाचा. तो दुसरे नाव, दुसरा भूतकाळ आणि दुसरी मैत्री घेऊन वर्षानुवर्षे लोकांत राहतो, आणि ज्यांच्या ताटात जेवतो त्यांच्याविषयीचे अहवाल वरिष्ठांना पाठवतो. त्याचे सोंग वठले तर दाद देणारा कोणीच नसतो.

कौटिल्याने या माणसाची निवड कशी करावी हे ज्या अलिप्तपणे सांगितले आहे, ते या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगे आहे. ‘अर्थशास्त्रा’च्या पहिल्या अधिकरणात गूढपुरुषांचे प्रकार येतात : कापटिक, उदास्थित, गृहपतिक, वैदेहक आणि तापस हे एका जागी राहणारे, सत्री, तीक्ष्ण, रसद आणि भिक्षुकी हे संचार करणारे. त्यांतले सत्री कोठून घ्यावेत? ज्यांना आप्तसंबंध नाहीत आणि ज्यांचे भरणपोषण राजाला करावेच लागते, अशांतून. शिवाय हेरांनी एकमेकांना ओळखता कामा नये, आणि तिघांचे म्हणणे जुळले तरच ते विश्वसनीय मानावे. म्हणजे ज्याला कोणी नाही असा माणूस निवडायचा, त्याला सर्वांच्या विश्वासात शिरायला शिकवायचे, आणि आपल्यासारख्याच दुसऱ्याची सोबतही त्याला मिळू द्यायची नाही. कौटिल्याला या माणसाच्या मनाशी कर्तव्य नाही. तो राजनीतीचा ग्रंथ लिहितो आहे. परंतु या एकाकीपणाची रचना त्याच्या विधानांत आधीच पूर्ण झालेली आहे. पुढच्या काळातल्या कादंबरीकारांनी त्या रचनेच्या आत एक मन ठेवून पाहिले, असे म्हणता येईल.

आधुनिक काळात या कामाचे स्वरूप बदलले ते खाते, पगार, फाइल आणि अहवाल यांमुळे. झारशाही रशियातील येवनो अझेफ हा क्रांतिकारकांच्या सशस्त्र संघटनेचा प्रमुख होता आणि त्याच वेळी पोलिसांचा पगारी माणूसही. १९०४ साली गृहमंत्री प्लेव्हे याची हत्या झाली ती याच संघटनेकडून. अझेफचे दुहेरी आयुष्य १९०८-०९ मध्ये उघडकीस आले आणि युरोपभर खळबळ माजली. त्याच वर्षी, १९०८ मध्ये, चेस्टरटनने ‘द मॅन हू वॉज थर्सडे’ या कादंबरीत अराजकवाद्यांचे असे एक मंडळ रंगवले, की ज्याचे सभासद एकामागून एक पोलीसच निघतात. चेस्टरटनच्या कादंबरीत हा विनोद आहे, जरी त्याने तिला दुःस्वप्न म्हटले असले तरी. कॉनरॅडने त्याच सुमारास जे लिहावयास घेतले त्यात विनोदाला जागा नव्हती.

१९११ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अंडर वेस्टर्न आइज’ या कादंबरीचा नायक रझुमोव्ह हा पीटर्सबर्गमधला विद्यार्थी. त्याला घर नाही, उघडपणे आपले म्हणावे असे नाते नाही. कौटिल्याच्या सत्रीची लक्षणे त्याला तंतोतंत लागू पडतात, आणि मिकुलिन हा चतुर अधिकारी ती बरोबर हेरतो. मंत्र्याची हत्या करून आश्रयाला आलेल्या हाल्डिनला रझुमोव्हने पोलिसांच्या हवाली केलेले असते. हाल्डिन फाशी जातो. आणि त्याचा सहकारी समजल्या जाणाऱ्या रझुमोव्हला जिनीव्हातल्या निर्वासित क्रांतिकारकांत हेर म्हणून पाठवले जाते. तेथे त्याला भेटते हाल्डिनची बहीण नतालिया. भावाचा अखेरचा मित्र म्हणून ती त्याच्यावर पूर्ण विश्वास टाकते.

या कादंबरीत लिहिण्याच्या दोन कृती आहेत, आणि तिचे सारे मर्म त्या दोहोंच्या संबंधात आहे. एक अहवाल, दुसरी रोजनिशी. पहिला अहवाल लिहिण्यासाठी रझुमोव्ह एकान्त शोधतो, तो त्याला सापडतो जिनीव्हातल्या रूसोच्या नावाच्या चिमुकल्या बेटावर, रूसोच्या पुतळ्याखाली. ज्याने आपल्या कबुलीजबाबाचा ग्रंथ लिहून आधुनिक आत्मकथनाला वळण दिले, त्याच्या पायाशी बसून हा तरुण स्वतःला पूर्णपणे वगळणारा मजकूर लिहितो. अहवालात ‘मी’ फक्त पाहणारा असतो. त्याला काय वाटले याला तेथे रकाना नाही. तो रकाना रोजनिशी पुरवते. परंतु रोजनिशीलाही वाचक नाही, आणि म्हणून ती त्याला पुरत नाही. आपल्यावरचा संशय पार फिटला आहे, हाल्डिनला पकडून दिल्याचा दोष एका मृत माणसाच्या माथी गेला आहे, अशा पूर्ण सुरक्षित घडीला रझुमोव्ह आपणहून नतालियापुढे आणि मग क्रांतिकारकांपुढे सत्य सांगतो. ओळख हरवल्यामुळे तो बोलत नाही. आपल्याला मिळालेला विश्वास आपला नाही हे असह्य झाल्यामुळे तो बोलतो. त्याची शिक्षाही लक्षणीय आहे : निकिता त्याच्या कानांवर आघात करून त्याला बहिरा करतो. ज्याला दुसऱ्यांचे ऐकण्यासाठी पाठवले होते, त्याचे ऐकणेच काढून घेतले जाते. आणि हा निकिताही पोलिसांचाच माणूस होता, हे आपल्याला पुढे कळते.

कॉनरॅडने रझुमोव्हला श्रोता मिळवून दिला, कारण त्याच्या नैतिक जगात कबुली अजून शक्य होती. फिलिप के. डिक यांच्या ‘अ स्कॅनर डार्कली’ (१९७७) या कादंबरीत ती शक्यताच उरलेली नाही. अमली पदार्थविरोधी खात्याचा माणूस ‘फ्रेड’ या नावाने वरिष्ठांसमोर जातो तेव्हा तो एक अजब पेहराव घालतो. असंख्य चेहऱ्यांचे तुकडे त्यावर सरकत राहतात आणि घालणाऱ्याचा चेहरा कोणालाच दिसत नाही. तोच माणूस व्यसनी मित्रांच्या घरात बॉब आर्क्टर म्हणून राहतो. एके दिवशी त्याला हुकूम मिळतो तो आर्क्टरवर पाळत ठेवण्याचा. विश्वास टिकवण्यासाठी घ्यावे लागलेले द्रव्य त्याच्या मेंदूचे दोन भाग एकमेकांपासून तोडत जाते, आणि फ्रेड पडद्यावर आर्क्टरला पाहताना हा कोणी परका संशयित आहे असे खरोखरच मानू लागतो.

ही कादंबरी हरवलेल्या ओळखीच्या सूत्राचा सर्वांत मोठा पुरावा वाटेल. पण तिचे बारकाईने वाचन केले, तर येथेही रोगाचे मूळ दुसरीकडेच आहे. आर्क्टरच्या घरातल्या त्या बाष्कळ, विनोदी, रात्र रात्र चालणाऱ्या गप्पा या कादंबरीतला एकमेव ऊबदार भाग आहे. त्या माणसांवर त्याचा जीव आहे. अहवालाला या जीव जडण्याचे काय करावे हे माहीत नाही. ज्या व्यवस्थेत प्रत्येक नात्याची नोंद होते आणि नाते जपणारा कोणी नाही, तेथे प्रथमपुरुषी एकवचनच टिकत नाही. ‘मी’चा ‘तो’ होतो. त्याची प्रिय मैत्रीण डॉना हीदेखील छुपी अधिकारी आहे, आणि उद्ध्वस्त झालेल्या आर्क्टरला व्यसनमुक्तीच्या आश्रमात नेण्याचा बेतही खात्याचाच आहे. आश्रमाच्या आतला पुरावा त्याच्याकरवी त्याच्या नकळत मिळवायचा आहे. शेवटी तो शेतातले एक निळे फूल मित्रांसाठी म्हणून लपवून ठेवतो. तेच फूल त्या विषाचे मूळ आहे हे त्याला कळत नाही. मेंदूची चाळण झालेल्या माणसातही उरते ते ‘मी’ नव्हे, तर मित्रांसाठी काही न्यावे ही इच्छा. डिक यांनी ग्रंथाच्या अखेरीस व्यसनापायी मेलेल्या वा मोडून पडलेल्या आपल्या मित्रांची यादी जोडली, तीही याच भावनेतून.

चित्रपटाने या प्रश्नाची दुसरी बाजू पुढे आणली : साक्षीदाराची. अँड्रू लाऊ आणि ॲलन माक यांच्या २००२ सालच्या हाँगकाँगच्या ‘इन्फर्नल अफेअर्स’ या चित्रपटात यान हा पोलीस जवळजवळ दहा वर्षे गुन्हेगारांच्या टोळीत राहिलेला आहे. या चित्रपटाच्या मूळ चिनी नावात बौद्धांच्या अवीची नरकाचा निर्देश आहे. ज्यात दुःखाला खंड नाही तो हा नरक. आपल्या वाचकांना हा शब्द संस्कृत-पालीतून परिचित आहे, आणि चित्रपटाचा आशय त्या अखंडपणातच आहे : कामाची मुदत पुनःपुन्हा वाढते, सुट्टी अशी नसतेच. यान पोलीस आहे हे जाणणारा एकच अधिकारी उरला आहे. त्या अधिकाऱ्याचा मृत्यू होतो आणि पाठोपाठ संगणकातली यानची फाइलही पुसली जाते. आता तो पोलीस असल्याचे सत्य केवळ त्याच्या स्वतःच्या मनात आहे. मानसोपचारासाठी त्याला सक्तीने पाठवले जाते, तेव्हा तो तेथल्या कोचावर नुसता झोपतो. सबंध चित्रपटात त्याला निवांत झोप लागते ती येथेच. बोलून मन मोकळे करण्याच्या जागी तो झोपतो, कारण बोलण्यासारखे जे आहे ते बोलता येत नाही. कोणी न विचारता आपल्याजवळ बसावे एवढीच त्याची गरज उरलेली आहे.

गोविंद निहलानी यांचा ‘द्रोहकाल’ (१९९४) याच साक्षीदाराला केंद्रस्थानी आणतो. दहशतवादी संघटनेत दोन तरुण पेरणारा अधिकारी अभय सिंग हा त्या दोघांचा जगाशी असलेला एकमेव दुवा आहे. ज्याच्या हाती त्यांची नावे आहेत, तोच भीतीने आणि कुटुंबावरच्या संकटाने आतून ढासळत जातो. छुप्या माणसाचा ताण त्याला पाठवणाऱ्यात कसा झिरपतो, हे या चित्रपटाने दाखवले. त्याआधी निहलानी यांनीच ‘अर्धसत्य’ (१९८३) केला होता, त्यामागे श्री. दा. पानवलकरांची ‘सूर्य’ ही कथा आणि विजय तेंडुलकरांचे लेखन होते. वर्दीतल्या पोलिसाच्या मनातला हिंसेचा आणि षंढपणाच्या भावनेचा पेच मराठी लेखकांनी असा समर्थपणे पकडला. वर्दी उतरवून दुसऱ्याच्या घरात शिरलेल्या पोलिसाचे मन मात्र आपल्या कथात्म साहित्यात त्या तोडीने उभे राहिले नाही. याचे एक कारण असे असावे, की बहिर्जींच्या गौरवकथेने हेरगिरीला जे तेज दिले, त्यात फसवल्या गेलेल्या माणसाकडे वळून पाहण्याची सोयच नव्हती. शत्रू हा शत्रूच. त्याच्या स्नेहाचे ओझे ते कसले?

हा प्रश्न गंभीर आहे, आणि त्याला अमेरिकेतील एका गाजलेल्या प्रकरणाच्या आधाराने उत्तर शोधता येईल. एफबीआयचा अधिकारी जोसेफ पिस्टोन हा १९७६ ते १९८१ या काळात न्यूयॉर्कच्या बोनानो माफिया घराण्यात ‘डॉनी ब्रास्को’ या नावाने राहिला. त्याने मिळवलेल्या पुराव्यावर शंभराहून अधिक जणांना शिक्षा झाल्या. त्याच्या १९८८ मधील आठवणींचा स्वर कारागिराचा आहे : काम अवघड होते, मी ते चोख केले, आणि ती माणसे गुन्हेगार होती. १९९७ साली माइक न्यूवेल यांनी त्यावर चित्रपट काढला. त्यात डॉनी ज्याचा बोट धरून टोळीत शिरतो त्या लेफ्टी रुजेरोची व्यक्तिरेखा करुण आणि लोभस झाली. शेवटी त्याला बोलावणे येते. तो अंगावरच्या मौल्यवान वस्तू बायकोसाठी काढून ठेवतो आणि मरणाला सामोरा जातो, असे सुचवले जाते. वस्तुस्थिती निराळी आहे. रुजेरोला एफबीआयने आधीच अटक केली होती. तो तुरुंगवास भोगून १९९४ मध्ये आजाराने वारला. डॉनीला जवळ केल्याची किंमत १९८१ मध्ये जिवाने मोजली ती डॉमिनिक नेपोलिटानो याने.

कलाकृतीने वस्तुस्थिती बदलू नये असे कोणी म्हणणार नाही. प्रश्न आहे तो बदल कशासाठी केला हा. आठवणींच्या कोरडेपणाला चित्रपटाने उत्तर दिले ते पश्चात्तापाचे. आणि पश्चात्ताप पडद्यावर फुलावा म्हणून फसवल्या गेलेल्याला हुतात्म्याच्या पायरीवर चढवले. रुजेरो आता फिर्याद करू शकत नाही. तो डॉनीला क्षमा करूनच जातो. म्हणजे आठवणींत फसवलेला माणूस बोलत नाही कारण तो गुन्हेगार आहे, आणि चित्रपटात तो बोलत नाही कारण तो उदार आहे. दोन्ही ठिकाणी कथनाची मालकी पोलिसाकडेच राहते. समारंभात नायकाला पदक आणि ५०० डॉलरचा धनादेश मिळतो तेव्हा त्याचा चेहरा निर्विकार असतो. प्रेक्षकाला त्याची दया येते. ही दया खोटी नाही. ती सोपी आहे एवढेच.

ती का सोपी आहे हे लंडनच्या उदाहरणाने उघड झाले. तेथल्या महानगर पोलिसांचे ‘स्पेशल डेमॉन्स्ट्रेशन स्क्वॉड’ हे पथक १९६८ पासून २००८ पर्यंत राजकीय चळवळींत माणसे पेरीत होते. ही माणसे वर्षानुवर्षे केस-दाढी वाढवून कार्यकर्त्यांत राहत. त्यांतल्या अनेकांनी लहानपणी दगावलेल्या मुलांची नावे आणि जन्मतारखा आपल्या खोट्या ओळखीसाठी वापरल्या. त्या मुलांच्या आईबापांना याची गंधवार्ता नव्हती. कित्येकांनी चळवळीतल्या स्त्रियांशी दीर्घकाळ प्रेमसंबंध ठेवले. दुसऱ्या एका पथकाचा मार्क केनेडी हा २००३ पासून पर्यावरणवाद्यांत ‘मार्क स्टोन’ म्हणून राहिला आणि २०१० मध्ये त्याचे बिंग फुटले. २०१५ मध्ये पोलीस दलाने सात स्त्रियांची जाहीर माफी मागितली आणि हे संबंध फसवणुकीचे व अन्यायाचे होते असे मान्य केले. त्याच वर्षी न्यायिक चौकशी स्थापन झाली; तिच्या सुनावण्या २०२० मध्ये सुरू झाल्या. केनेडीच्या प्रकरणी एका स्त्रीच्या मानवी हक्कांचा भंग झाल्याचा निर्णय २०२१ मध्ये न्यायाधिकरणाने दिला.

या प्रकरणाने साहित्याच्या अभ्यासकाला एक नवी संहिता दिली. २०२२ मध्ये पाच स्त्रियांनी मिळून ‘डीप डिसेप्शन’ हे पुस्तक लिहिले. इतकी वर्षे जे कथन आतून, म्हणजे हेराच्या मनातून, सांगितले जात होते, ते येथे समोरच्या खुर्चीतून सांगितले गेले. मलयकेतूने नाटक लिहावे तसे हे आहे. यातला अनुभव हेरकथेच्या वाचकाला अपरिचित असतो : प्रिय माणूस एके दिवशी मोडून पडल्यासारखा वागतो, नाहीसा होतो, त्याला शोधताना नोंदणीच्या कागदांत त्याच नावाच्या मेलेल्या मुलाचा दाखला हाती येतो, आणि मग मागची सगळी वर्षे संशयित होतात. कोणता शब्द खरा होता? की एकही नव्हता? ओळख हरवण्याचा जो अनुभव आपण आजवर हेराच्या नावावर जमा करीत होतो, तो येथे फसवल्या गेलेल्या स्त्रीचा अनुभव म्हणून समोर येतो. यातल्या काही लेखिकांना स्वतःच्या रक्षणासाठी टोपणनाव घ्यावे लागले. आणि चौकशीसमोर अनेक अधिकारी सांकेतिक क्रमांकाखाली बोलले. खरे सांगण्यासाठीही खोट्या नावाची गरज पडावी, इतके नाव या शब्दाचे अवमूल्यन या कामाने केले आहे.

मग पोलिसाच्या मानसिक यातनांना काही अर्थच नाही काय? असा निष्कर्ष काढणे हीदेखील एक सोपी वाट होईल. गॅरी मार्क्स या समाजशास्त्रज्ञाने १९८८ मध्ये अमेरिकेतील छुप्या पोलिसी कामाचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात या कामाचे करणाऱ्यावर होणारे परिणाम गांभीर्याने नोंदवले आहेत : दीर्घ एकाकीपण, संसाराची मोडतोड, ज्यांच्यावर पाळत ठेवायची त्यांच्याविषयी वाटू लागणारी आपुलकी, आणि परतल्यावर साध्या कामात न रमणारे मन. हे सारे खरे आहे. यापाठीमागची यंत्रणा मात्र समजून घेतली पाहिजे. या कामासाठी निर्दय माणूस उपयोगाचा नसतो. त्याच्यावर कोणी विश्वास टाकत नाही. ज्याला ऐकता येते, जीव लावता येतो, दुसऱ्याच्या आजारपणात धावून जाता येते, तोच उत्तम हेर होतो. माणूस म्हणून त्याच्याजवळ जे चांगले आहे, नेमके तेच हत्यार म्हणून वापरले जाते. म्हणून त्याचे प्रेम सोंग होते असे म्हणून त्याला सुटता येत नाही, आणि ते खरे होते असे म्हणूनही सुटता येत नाही. कारण खरे असेल तर अपराध अधिकच मोठा.

२०१२ साली केनेडीने पोलीस दलावरच दावा लावल्याचे वृत्त आले. आपल्याला मानसिक इजा झाली आणि प्रेमात पडण्यापासून वरिष्ठांनी आपले रक्षण केले नाही, अशी त्याची तक्रार होती. या वृत्ताची तेव्हा थट्टा झाली. थट्टा बाजूला ठेवून त्या तक्रारीचे व्याकरण पाहिले, तर ते भागुरायणाचेच आहे. देह विकला आहे, तेव्हा बऱ्यावाइटाचा विचार मालकाने करावा. परतंत्रतेत आसरा घेण्याची ही वृत्ती या कामाची सर्वांत खोल इजा आहे असे मला वाटते. माणूस आपल्या प्रेमाचीही जबाबदारी खात्यावर टाकू लागतो. हे सांगण्यासाठी विशाखदत्ताला चार ओळी पुरल्या. पण त्याने ते समर्थन भागुरायणाच्या तोंडी घालून सोडून दिले, त्यावर आपला निवाडा दिला नाही.

या कथनांचे मूल्यमापन करताना आपण कोणती कसोटी लावावी हे यातून सुचते. नायकाची यातना किती तीव्रपणे रंगवली, ही कसोटी पुरेशी नाही. तीव्रतेने वाचक सहज फितूर होतो. ज्याचा विश्वास वापरला गेला, त्या माणसाला संहितेत किती जागा आहे, तो नायकाच्या क्षमेचे साधन होऊन बसतो की त्याला स्वतःचे म्हणणे मांडता येते, हे पाहिले पाहिजे. या कसोटीवर ‘अंडर वेस्टर्न आइज’ आजही उभी राहते, कारण तिच्यात नतालियाला सत्य समोरासमोर ऐकावे लागते आणि तिचा त्यानंतरचा मूकपणा कादंबरी आपल्या सोयीने भरून काढत नाही. न्यूवेल यांचा चित्रपट या कसोटीला पुरा उतरत नाही. डिक यांची कादंबरी उतरते, कारण आर्क्टरने ज्यांना अहवालात बांधले त्यांचे बोलणे तिने अहवालाच्या भाषेत बसवले नाही. ते पानेच्या पाने जसेच्या तसे वाहू दिले.

मराठीत असे लेखन कधी झाले तर त्याला भाषेचा पेच सोडवावा लागेल. पोलिसी अहवालाची आपली मराठी ‘सदर इसम’, ‘मजकूर ठिकाणी’, ‘मिळून आला’ अशा शब्दांनी घडलेली आहे. ती कर्त्याला गाळते, कर्माला इसम करते आणि घडलेल्या गोष्टीला कोणाचाच हात लागलेला नाही असे भासवते. या भाषेत दिवसा लिहिणारा आणि रात्री त्याच इसमाला ‘अरे’ म्हणून हाक मारणारा माणूस हा खरा कादंबरीचा विषय आहे. ‘सदर इसम’ आणि ‘अरे’ यांमधल्या अंतरात त्याचे सारे मन सापडेल. मात्र ती ‘अरे’ ज्याला उद्देशून होती, त्याने एक दिवस मागे वळून काय उत्तर दिले, हे लिहिल्याशिवाय ती कादंबरी पुरी होणार नाही.